माशांच्या पोटाचा आळ

काकासाहेबांचं बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि वर सांगितलं, "एखादा छंद लावून घ्या. मन शांत राहील."

काकासाहेब वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. दिवसभर गाडीचे सुटे भाग हातात घ्यायचे, उजेडात धरायचे आणि त्यातली खोट शोधायची. सत्तावीस वर्षं खोट शोधणाऱ्याचं बीपी वाढेल नाहीतर काय होईल, असं त्यांची बायको सुगंधा म्हणायची. गाण्याचं त्यांना अंग नव्हतं, चालायला जायचा कंटाळा होता. शेवटी ते औरंगपुऱ्यात मुनाफभाईंच्या दुकानात गेले आणि तीन फुटांची काचेची टाकी आणि सहा गोल्डफिश घेऊन आले. गारखेड्यातल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, टाकी बसली.

छंद लागला, पण तो काकासाहेबांच्या पद्धतीनं लागला. सकाळी बारा दाणे, संध्याकाळी बारा दाणे, मोजून. दर रविवारी अर्धं पाणी बदलायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याची खूण करायची. दोन वर्षं सगळं घड्याळासारखं चाललं होतं. पाहुणा आला की काकासाहेब आधी त्याला टाकीपुढं उभं करत आणि मग चहाचं विचारत.

या फेब्रुवारीत पाचोडहून त्यांची मावशी आली. दगडाबाई, आईची पाठची बहीण, वय सदुसष्ट. घरी शेती, दहा-बारा शेळ्या, आणि सगळं घर तिच्या एका हाकेवर चालणारं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. तिचा मुलगा सांडू तिला आणून सोडून गेला आणि तीन दिवसांनी शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर गावी जायचं नाही. चूल नाही, धूळ नाही, वाकायचं नाही, डोळ्याला साधं पाणी लागू द्यायचं नाही.

सुगंधा मावशीच्या बाबतीत कसलीच कसर ठेवणारी नव्हती. त्यांच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. ते बाथरूममधल्या दोन मोठ्या निळ्या ड्रममध्ये भरून ठेवायचं आणि पुरवून वापरायचं, हे इतकी वर्षं चाललेलं. पण आता घरात ऑपरेशनचं माणूस. म्हणून मावशी यायच्या आदल्याच दिवशी तिनं स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं मशीन बसवून घेतलं. काकासाहेब मशीनपुढं पाच मिनिटं उभे राहिले, माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, "एक नंबर काम झालं."

पट्टी सुटल्यावर मावशीला काळा गॉगल मिळाला आणि काम मात्र काहीच उरलं नाही. जन्मात पहिल्यांदा ती रिकामी बसली. सुगंधानं तिची खुर्ची टाकीसमोर ठेवली.

"अगं बया, हा केशरी हाय व्हय?" गॉगल कपाळावर सरकवून मावशी पहिल्याच दिवशी म्हणाली. "मी आले तवा तपकिरी दिसला होता. शेणाच्या रंगाचा."

"गॉगल खाली करा मावशी."

"करते गं. एवढं बघू तर दे. झेंडूवानी हाय की."

नव्या डोळ्यानं तिनं आधी ते मासे पाहून घेतले. मग तिनं त्यांना नावं दिली. सगळ्यांत जाड होती ती पाटलीण. पांढऱ्या शेपटीचा तो गुरुजी. दोन एकसारखे होते ते जावा-जावा. एक सतत कोपऱ्यात असायचा, तो रुसका. आणि सगळ्यांच्या आधी दाण्याकडं झेपावणारा तो सरपंच. दिवसभर ती त्यांच्याशी बोलायची. शेळ्यांशी बोलायची सवय होती, त्यामुळं उत्तर मिळत नाही याचं तिला काही वाटत नसे.

दोन आठवडे असे मजेत गेले. मग एका सोमवारी कामावर निघताना काकासाहेब बूट घालता घालता थांबले. पाटलिणीचं पोट लिंबासारखं टम्म दिसत होतं. बुधवारी गुरुजी फुगला. शनिवारी पाहिलं तर सहाच्या सहा गोल झालेले. पोहताना शेपट्या जोरात हलत होत्या आणि मासे मात्र जागच्या जागी, सामान लादलेल्या रिक्षेसारखे डुलत होते.

काकासाहेबांनी मोबाइलवर वरून, बाजूनं, समोरून फोटो काढले आणि औरंगपुरा गाठला.

मुनाफभाईंनी चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून पाहिला. माशांच्या धंद्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. "पैले एक देखो काकासाब. ऊपर से देखा तो छिलके खड़े दिखते क्या? कणसाचे दाणे उघडल्यासारखे?"

"नाही. खवले अंगालगत आहेत."

"फिर अच्छा है. छिलके खड़े हुए तो समझो किडनी गई, मच्छी गई. अब दूसरा. लीद कैसी है? सफेद धागे जैसी?"

"नाही, नेहमीसारखी."

"मतलब पेट में कीड़े नै. अंडे बोलो तो सब मादा कायकू होंगे." मुनाफभाईंनी चष्मा काढला. "पानी अच्छा है ना?"

"एकदम शुद्ध," काकासाहेब ठामपणे म्हणाले.

"फिर खाना. ज्यादा खाने से कब्ज होता मच्छी कू. कितना डालते?"

"चोवीस दाणे. मोजून."

"आप मोजते. घर में और कोई डालता क्या? मेहमान-विहमान?"

स्कूटर चालू करेपर्यंत काकासाहेबांच्या मनात हिशेब जुळलेला होता. दोन वर्षं मासे ठणठणीत. मावशी आली आणि मासे फुगले. मावशी दिवसभर टाकीपुढं बसते. मावशीच्या हातात सकाळ-दुपार भाकरी असते.

घरी येऊन ते मावशीला सरळ विचारते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पाहुण्या आलेल्या, वयानं मोठ्या, आजारी माणसाला कसं विचारायचं? त्यांनी दुसरा मार्ग काढला. कामावर निघताना आपला जुना मोबाइल फुलदाणीच्या आड, टाकीकडं तोंड करून, चित्रण चालू करून ठेवला. आणि दुपारच्या सुट्टीत, कंपनीच्या कँटीनमध्ये, घरच्यांच्या ग्रुपवर गमतीनं लिहिलं: 'आपल्या मावशीनं शहरातल्या माशांनाही बाजरीची भाकरी सुरू केलेली दिसते. सगळे पोटुशी असल्यासारखे फुगलेत.'

त्या ग्रुपवर पाचोड, बिडकीन, पिशोर इथली मिळून एकेचाळीस माणसं होती. तासाभरात सगळी हसली.

संध्याकाळी सांडूचा फोन आला. "आये, तू मास्यायला बी जेवू घालती व्हय? इथं बाजारात समदे इचारायलेत."

मावशीनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग तिनं फोन ठेवला आणि नेमका तेव्हाच फुलदाणीआडचा मोबाइल घसरून तिच्या पायाशी पडला. त्यावर तिला तिचाच पदर हलताना दिसला.

काकासाहेब कामावरून आले तेव्हा मावशी खुर्चीत बसलेली होती. गॉगल डोळ्यांवर, पिशवी भरून पायाशी. आणि टाकीत रुसका पाण्यावर आडवा तरंगत होता.

"मावशी, हे काय?"

"तुझा मासा मेला. तो बी माझ्याच नावावर लिव." मावशीचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच सुगंधा दारातच थबकली. "मी लोकाच्या घरची चोर हाय का, काकासायबा? माझ्यावर मशीन लावलं तू?"

"तसं नाही मावशी..."

"मग कसं? माझ्या तोंडावर इचारलं असतं तर मी सांगितलं नसतं? तुझ्या आईच्या पाठची हाय मी. चाळीस माणसांत हसं केलं माझं. सांडूला बाजारात माणसं इचारायलीत."

सुगंधानं पुढं होऊन पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. "मावशी, मंगळवारी डोळा दाखवायचाय. त्याआधी बसनं गेलात तर धूळ जाईल. माझ्यासाठी राहा."

मावशीनं टाकीकडं पाहिलं. मग म्हणाली, "राहते. पण मंगळवारपुरती नाय. ह्या जनावरायची पोटं कशानं फुगली, ते तुला दावूनच जाते."

रात्री जेवणं झाल्यावर काकासाहेबांनी गुपचूप त्या मोबाइलमधलं चित्रण पाहिलं. तीन तास. त्यात मावशी पाटलिणीला सांगत होती की तिची धाकटी सून लई गुणाची, पण मीठ कमी टाकते. हातात काही नव्हतं. तिसऱ्या तासाला मोबाइलमधली जागा संपून चित्रण थांबलं होतं, कॅमेरा तेवढा उघडा राहिला होता. पुढच्या वेळात काय झालं असेल कोण जाणे, असं काकासाहेबांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं त्यांना टाकीपुढं बोलावलं.

"आमच्यात शेरडू फुगलं की आधी दावण बघायची. काय खाल्लं, किती खाल्लं. कोवळा लसूणघास खाल्ला असंल तर एका दिवसात कळतं. आजपासून ह्यांचं खाणं बंद. दाणा नाय, भाकरी नाय, कायबी नाय. तीन दिस."

"मुनाफभाईही हेच म्हणत होते."

"मग त्यो शहाणा हाय. आणि ऐक. डबा तुझ्या कपाटात कुलपात ठिव. माझी भाकरी मी सैपाकघरात खाईन, सुगंधापुढं. तीन दिसानं पोटं उतरली तर चोर मी. नाय उतरली तर खाण्याचा संबंध नाय, आणि माझा बी नाय."

काकासाहेबांनी कॅलेंडरवर तीन फुल्या मारल्या. कंपनीत असते तर त्यांनी ही चाचणी स्वतःच सुचवली असती, हे त्यांना मान्य करावं लागलं.

मासे तीन दिवस उपाशी राहिले. तिसऱ्या दिवशी मुनाफभाईंच्या सांगण्यावरून उकडलेल्या वाटाण्याचं साल काढून, बारीक चुरून, थोडंसं टाकलं. मासे ते खाऊन मोकळेही झाले. पोटं मात्र होती तशीच. लिंबाची मोसंबी झाली नाही एवढंच.

"झालं?" मावशी म्हणाली.

"झालं," काकासाहेब म्हणाले.

"आता तुझ्या त्या भाईला इचार, पुढं काय."

मुनाफभाईंनी एक औषधी मीठ दिलं. पोटातलं पाणी ओढून घेतं म्हणाले. पण सगळ्या टाकीत नको. टबमध्ये पाणी घ्यायचं, चमचाभर मीठ टाकायचं, हवेची नळी सोडायची आणि सगळ्यांत जास्त त्रास असलेले मासे तीन-चार दिवस त्यातच ठेवायचे.

काकासाहेब कंपनीत होते, म्हणून ते काम सुगंधानं केलं. मुलीच्या लहानपणीचा अंघोळीचा टब माळ्यावर होता, तो काढला, धुतला, बाथरूममधल्या ड्रममधून चार बादल्या पाणी ओतलं, मीठ विरघळवलं. जाळीनं पाटलीण आणि गुरुजी त्यात सोडले.

चौथ्या दिवशी दोघांची पोटं निम्म्यानं उतरली होती. गुरुजी तर पूर्वीसारखा सुळकन फिरत होता. काकासाहेबांनी मुनाफभाईंना फोन करून आभार मानले, दोघांना पुन्हा टाकीत सोडलं आणि कॅलेंडरवर 'मीठ - गुण आला' असं लिहिलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी संध्याकाळी शीळ घातली.

पण टाकीत आल्यावर चार-पाच दिवसांतच पाटलीण पुन्हा टम्म झाली. गुरुजीही.

"मिठाचा असर उतरला," काकासाहेब म्हणाले. "परत मीठ द्यावं लागेल. आता सगळ्या टाकीतच टाकावं म्हणतो."

मावशी गॉगल पुसत होती. "थांब जरा. मला एक सांग. त्यांला गुण मिठानं आला का टबानं?"

"म्हणजे?"

"टबात मीठ बी व्हतं आणि टब बी व्हता. तू मिठालाच कसा काय धरून बसलास?"

कंपनीत नव्या पोरांना काकासाहेब पहिल्या दिवशी हेच शिकवत: एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर खोट कशात होती ते कधीच कळणार नाही. त्या वाक्याची पाटी त्यांच्या टेबलामागं लावलेली होती.

"त्या दोन जावा मला दे," मावशी म्हणाली. "चार दिस. टबात ठिवते. मीठ नाय, औषध नाय, कायबी नाय. बघू."

या वेळी टब मावशीच्या खुर्चीजवळच ठेवला. सुगंधानं पुन्हा ड्रममधून पाणी आणलं. मावशीला वाकायची बंदी, म्हणून ती खुर्चीतूनच हुकूम सोडायची, "हवा बघ," "झाकण सरकव," आणि सुगंधा हसत हसत करायची. खाणं टाकीतल्या आणि टबातल्या माशांना सारखंच, आणि ते काकासाहेब स्वतः मोजून टाकायचे, कुलपातल्या डब्यातून.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब दात घासत बाहेर आले आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून टबापुढं उकिडवे बसले. जावा-जावा सडपातळ झाल्या होत्या. टाकीतले तिघे गोलच्या गोल. मिठाचा कणही न टाकता.

"मावशी!"

"मी कालच बघितलं. तू कवा बघतोस म्हणून गप व्हते." मावशीच्या आवाजात आनंद लपत नव्हता. "आता खाणं सारखं, हवा सारखी, घर सारखं. मग राहिलं काय?"

"पाणी," सुगंधा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पाण्यात खोट असणं शक्यच नाही," काकासाहेब म्हणाले. "उलट टबात ड्रमचं आठ दिवसांचं शिळं पाणी आहे. टाकीत तर..."

ते थांबले.

"टाकीत तर काय?" मावशीनं विचारलं. "टाकीत कुठलं वततोस तू?"

"मशीनचं."

खरी गोष्ट अशी होती की मशीन बसल्यापासून दर रविवारी काकासाहेब सकाळी सहापासून स्वयंपाकघरात उभे राहायचे. मशीनमधून धार बारीक यायची. कळशी भरायची, टाकीत ओतायची, पुन्हा भरायची. अर्धी टाकी बदलायला साडेतीन तास लागायचे. सुगंधा कुरकुर करायची, पण त्यांना त्यात समाधान होतं. घरच्या माणसांना जे पाणी तेच माशांना. तीन रविवारांत टाकीत जुनं पाणी नावालाच उरलं होतं. आणि कॅलेंडरवर मावशी आल्याची तारीख होती, दाणे बंद ठेवल्याची होती, फिल्टर धुतल्याची होती, मशीनची नव्हती. चांगली गोष्ट त्यांनी कारणांच्या यादीत धरलीच नव्हती.

मावशीनं दोन पेले मागवले. एकात ड्रमचं पाणी, एकात मशीनचं. डोळे मिटून तिनं एकेक घोट घेतला.

"हे तुझं मशीनचं. ह्याला चवच नाय. आमच्या हिरीचं पाणी तोंडात घेतलं की दगड कळतो, माती कळते. ह्यात कायबी नाय."

काकासाहेबांनी फोन स्पीकरवर टाकून मुनाफभाईंना लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून आधी एक लांब उसासा ऐकू आला.

"अरे काकासाब! मैंने पुछा ना, पानी अच्छा है क्या. आप बोले एकदम शुद्ध. मैं समझा नल का पानी, रखा हुआ. मशीन का कायकू डाले? मच्छी कू थोडे खार लगते पानी में. उसके बदन में नमक है ना. बाहर का पानी एकदम कोरा हुआ तो पानी अंदर घुसताच रैता. मच्छी बिचारी निकालती, निकालती, फिर थक जाती. फिर फूलती."

"मनुका भिजत घातल्यावानी," मावशी खुर्चीतून म्हणाली.

"हौ! बराबर! कौन बोल रे ये?"

"माझी मावशी," काकासाहेब म्हणाले. "शोध तिनंच लावला."

"सलाम बोलो उनकू. और सुनो, एकदम मत बदलो. रोज एक-एक बादली ड्रम का पानी डालो, आठ-दस रोज. आहिस्ता आहिस्ता."

फोन ठेवल्यावर मावशीनं सुगंधाकडं पाहिलं.

"मशीन कवा बसवलं गं तू?"

"तुम्ही यायच्या आदल्या दिवशी. तुमच्या डोळ्यासाठीच की."

"म्हंजी मशीन माझ्यापायी आलं." मावशीच्या खांद्यांना हसण्याचे हिसके बसू लागले. "म्हंजी काकासायबा, तुझा आळ साफच खोटा नव्हता रं! निम्मा खरा निघाला की!"

ती इतकी हसली की डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि सुगंधा घाबरून औषधाचे थेंब शोधायला धावली. काकासाहेब मात्र हसले नाहीत. ते मावशीच्या खुर्चीजवळ खाली फरशीवर बसले.

"मावशी, चुकलो मी. तुला विचारायला हवं होतं."

"व्हय, चुकलास." मावशीनं पदरानं गाल टिपला. "पण माझ्या कानात सांगून काय उपेग? ज्या चाळीस माणसांत बोललास, तिथंच बोल."

काकासाहेब उठले आणि मोबाइल घेऊन बाल्कनीत गेले. चार ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला. त्यांनी लिहिलं: 'मावशीनं माशांना काहीही खाऊ घातलं नव्हतं. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. मशीनचं अतिशुद्ध पाणी मीच टाकीत ओतत होतो, त्यानं मासे फुगले, एक मेला. हे कारण मला सापडलं नाही, मावशीनं एका डोळ्यानं शोधलं. सगळ्यांसमोर माफी मागतो.' मग त्यांनी तो मजकूर मावशीला वाचून दाखवला.

"एका डोळ्यानं ते काढ," मावशी म्हणाली. "मला दोन डोळे हायेत."

त्यांनी ते काढलं आणि पाठवलं. आता ग्रुपवर जे सुरू झालं ते दोन दिवस थांबेना. पिशोरच्या एका भावजयीनं आपल्या म्हशीचं दूध का आटलं ते मावशीला विचारलं. बिडकीनच्या जावयानं त्याच्या मोटरसायकलचा आवाज का बदलला ते विचारलं. सांडूनं फोन करून सांगितलं की आता बाजारात माणसं त्याला थांबवून वेगळंच विचारतात, आणि त्याच्या बोलण्यात आईबद्दलचा तोरा साफ कळत होता.

टाकीत रोज एक बादली ड्रमचं पाणी पडू लागलं. मावशी सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी पोटं पाहायची. सरपंच पाचव्या दिवशी उतरला, गुरुजी आठव्या. पाटलीण दहा दिवसांनी उतरली, पण तिचं पोट काही पहिल्यासारखं सपाट झालं नाही. काकासाहेब पुन्हा काळजीत पडले. त्यांनी फोटो काढून मुनाफभाईंना पाठवले. मुनाफभाईंनी उत्तर दिलं की त्यांच्याकडं होती तेव्हाही ती अशीच होती, खात्यापित्या घरची.

त्या पंधरवड्यात काकासाहेब मावशीसाठी जरा जास्तच धावले. वेळेवर डोळ्यात थेंब, संध्याकाळी गच्चीवर फेरी, गुलमंडीवरून जिलबी. मावशी सगळं करून घ्यायची आणि चेहरा गंभीर ठेवायची. तिचा राग अजून गेला नाही असं वाटून काकासाहेब अधिकच धावायचे.

मार्चच्या शेवटी डॉक्टरांनी डोळा तपासून जायची परवानगी दिली. दुसऱ्या डोळ्याचं दिवाळीनंतर बघू म्हणाले. काकासाहेबांनी रजा टाकली आणि मावशीला सोडायला मध्यवर्ती बसस्थानकावर आले. पाचोडची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. त्यांनी पिशवी वर ठेवली, पाण्याची बाटली हातात दिली, आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. कंडक्टर दार लावायला लागला तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"मावशी, एक विचारू? राग गेला का नाही अजून?"

"राग?" मावशीनं गॉगलवरून त्यांच्याकडं पाहिलं. "त्यो तर तू फरशीवर बसलास तवाच गेला."

"मग एवढे दिवस बोलली का नाहीस?"

"जिलबी बरी असती तिकडची," मावशी म्हणाली.

गाडी हलली. काकासाहेब दोन पावलं तिच्याबरोबर चालले, मग थांबून हात हलवत राहिले. मावशीनं मागं पाहिलं नाही. ती शेजारच्या सीटवरच्या बाईकडं वळली होती आणि तिच्या लुगड्याचा रंग किती झकास आहे, ते तिला सांगत होती.